तीनशे बारा भोकं

रविवार, ४ मार्च

आज थोरलीला हात लावायला मिळाला. गेले तीन महिने मी नुसती शेड झाडत होतो आणि धाकटीचं पितळ पुसत होतो. धाकटी म्हणजे छोटं इंजिन. दर रविवारी दोन डबे जोडून ते हौशी लोकांना चार मैल फिरवून आणतं. थोरली एकेचाळीस वर्षं थंड उभी आहे. तिच्यात पुन्हा वाफ धरायची म्हणून आम्ही दहाबारा माणसं सुट्टीच्या दिवशी इथे राबतो. इथे पगार नाही, चहा आहे.

मिस्त्रीकाकांनी मला बोलावलं होतं. वय चौऱ्याहत्तर, सगळा जन्म बॉयलरच्या कामात गेला. इथे शेवटचा शब्द त्यांचा. मी समोर जाऊन मान लववली तर त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. वाटलं, काही चुकलं का आपलं? मग "काका, आलो" म्हटलं तसे एकदम हसले.

"पेंटर होय. केव्हाची वाट बघतोय. गॅरेजमध्ये काय काय करतोस?"

"गाड्यांना रंग देतो. त्याआधी ठोकर लागलेला पत्रा सारखा करायचा, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरायची, वाळली की घासायची."

"खड्डा कळतो कसा?"

"डोळ्यांनी, काका. उजेड तिरपा पाडला की केसाएवढा खड्डासुद्धा दिसतो."

"मला बोटांनी कळतो," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि रूळ ओलांडून थोरलीपाशी पोचेपर्यंत तो काढला नाही. वडील गेल्यापासून माझ्या खांद्यावर असा कोणी हात ठेवला नव्हता.

थोरलीच्या भट्टीवरचा बाहेरचा पत्रा काढून ठेवला आहे. आतलं जाड लोखंड खरवडून रंगासाठी तयार करायचं, हे माझं काम. मी विचारलं, "खड्डे दिसले तर भरू ना?"

"भर की. त्यासाठीच तर तुला घेतलाय."

घरी आल्यावर हिला सांगितलं. म्हणाली, "आपलं पुढचं दार दोन वर्षं रंगाची वाट बघतंय, आणि तुम्ही निघालात आगगाडी रंगवायला." दाराचा खांद्यावर हात पडत नाही, हे तिला कसं सांगणार?

रविवार, ११ मार्च

गंज निघाला तशी खालून बटणांसारखी गोल टोकं दिसू लागली. रांगा करून, वितीच्या निम्म्या अंतरावर एकेक. भट्टीच्या दोन भिंती असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी खेळतं. त्या दोन भिंती एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून आरपार आखूड दांडे घातलेले असतात. त्या दांड्यांची ही टोकं, एवढं मला ड्रायव्हरसाहेबांकडून कळलं. ते आमच्यातले सगळ्यात बोलके. चाळीस वर्षं गाड्या हाकल्या, आता तोंड हाकतात, असं ते स्वतःच म्हणतात.

पण प्रत्येक टोकाच्या मधोमध एक बारीक भोक आहे. बॉलपेनची कांडी जाईल एवढं. काही गंजाने अर्धी बुजलेली, काहींच्या कडा खाल्लेल्या. एवढं थोर इंजिन आणि अंगभर देवीचे व्रण. बघून जीव हळहळला. मोजली. दोन्ही बाजू मिळून तीनशे बारा.

गॅरेजमध्ये सायलेन्सरसाठी वापरतो ती लांबी आहे. लोखंडाच्या भुकटीची, दोन भाग कालवून लावायची. आच सोसते आणि वाळली की लोखंडासारखीच होते. पुढच्या वेळी ती नेईन.

बुधवार, १४ मार्च

दुपारी सुट्टी घेऊन शेडमध्ये गेलो. कामाआधी डोळे मिटून नेहमीच्या प्रार्थनेच्या दोन ओळी म्हटल्या. गावच्या शाळेत प्रार्थनेनंतर गुरुजी सांगायचे, जे काम कोणाला दिसणार नाही ते जास्त नीट करा. थोरलीवर पुन्हा पत्रा चढेल तेव्हा माझं काम कोणालाच दिसणार नाही. म्हणून पत्तीने नुसती वरवर लांबी ओढली नाही, एकेका भोकात तारेने दाबून दाबून भरली. पहिल्या तीन रांगा झाल्या.

काका येऊन तळहात फिरवून गेले. "लोण्यासारखं झालंय रे," म्हणाले. एवढं कौतुक मला गॅरेजात सव्वीस वर्षांत झाल्याचं आठवत नाही.

रविवार, २५ मार्च

तीनशे बारा झाली. घासून राखाडी रंगाचा एक हात दिला. ड्रायव्हरसाहेब लांबून बघत म्हणाले, "पेंटरबुवा, थोरलीला तोंडाला पावडर लावून बसवलीत. आता स्थळं यायला लागतील."

फाटकाशी काकांची सून भेटली. तीच त्यांना आणून सोडते, तीच न्यायला येते. मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांच्यावर जरा लक्ष ठेवत जा हं."

मी म्हटलं, "ताई, तेच आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवून असतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वळून गेली. माझं बोलणं तिला उद्धट वाटलं की काय, कळलं नाही.

रविवार, ८ एप्रिल

आज पाण्याची चाचणी. बॉयलर पाण्याने गच्च भरायचा, हातपंपाने दाब चढवायचा आणि कुठे पाझरतंय का ते बघायचं. ड्रायव्हरसाहेब पंपावर, मी दिवा धरून काकांच्या बाजूला. चिटणीसबाई वही घेऊन उभ्या. त्या पूर्वी शाळेत भूगोल शिकवत. अजूनही त्या समोर आल्या की आम्ही सरळ उभे राहतो.

"काटा वाच रे," काका म्हणाले. "चष्मा घरी राहिला." काकांचा चष्मा दर वेळी घरी राहतो. मी आकडे वाचत गेलो. पुरेसा दाब चढल्यावर त्यांनी रांगेने प्रत्येक टोकावर अंगठा फिरवला. मी दिवा अगदी जवळ धरला होता. तीनशे बारा टोकं, तासभर लागला. कंटाळा नाही, घाई नाही. पूजेला बसलेला माणूस असावा तसे.

बाईंनी विचारलं, "हातोडीने वाजवूनही बघणार ना?"

"टोकं कोरडी असली की त्याची गरज नाही," काका म्हणाले. "सगळं कोरडं आहे. एक थेंब नाही."

सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. टाळ्या झाल्या. बाईंनी जाहीर केलं की रविवारी, २९ एप्रिलला, सरकारी निरीक्षकासमोर पहिली वाफ. त्या फेरीत पहिल्या डब्यात काम करणाऱ्यांच्या घरची माणसं बसतील.

हिला सांगितलं तर दाराचा विषय न काढता कपाट उघडून साडी बघत बसली. मुलीला फोनही केला. ती आणि जावई येणार आहेत.

रविवार, १५ एप्रिल

घरी आल्या आल्या वही उघडली.

दुपारी धाकटीची फेरी सुटायच्या आधी ड्रायव्हरसाहेब पाहुण्यांना माहिती देत होते. प्रतीक्षागृहात टेबलावर जुने सुटे भाग मांडले आहेत. मी मागे झाडू घेऊन उभा होतो. त्यांनी एक आखूड दांडा उचलला. थोरलीत आहेत तसलाच. त्याच्या टोकाला भोक.

"हे भोक कशासाठी, सांगा बघू," ते म्हणाले. कोणी म्हणालं तेल सोडायला, कोणी म्हणालं वजन कमी करायला. "नाही. हे दांड्याचं तोंड आहे. दांडा आतल्या आत मोडला की बाहेरून काही कळत नाही. पण मोडला की पाणी या भोकातून बाहेर येतं. म्हणजे तो ओरडून सांगतो, मी मोडलो म्हणून. नवऱ्यांसारखं नाही, आतून मोडले तरी बाहेर सगळं ठीक आहे म्हणत बसायला."

लोक हसले. एका बाईने विचारलं, "आणि नाही कळलं तर?"

"एक मोडला तर शेजारच्यांवर भार येतो. मग ते मोडतात. भिंत फुगते. आणि मग..." त्यांनी दोन्ही हात हवेत उडवले. "तेव्हा इंजिनात कोण होतं आणि मागच्या डब्यात कोण होतं, ते नंतर यादीवरून वाचावं लागतं."

मी थोरलीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन जमिनीवर बसलो. समोर माझा राखाडी रंग, एकदम सारखा. तीनशे बारा तोंडं मी बुजवली होती. तारेने दाबून दाबून.

सोमवार, १६ एप्रिल

डोक्यात नुसता गुंता झाला आहे. एक मन म्हणतं, चाचणी कोरडी आली, म्हणजे एकही दांडा मोडलेला नाही, सगळं ठीकच आहे. दुसरं मन म्हणतं, कोरडी आली कारण तू भरलंस. पहिलं मन म्हणतं, काकांनीच 'भर की' म्हटलं होतं. दुसरं म्हणतं, त्यांनी खड्डे भरायला सांगितलं होतं, भोकं नव्हे. खड्डा आणि भोक यांत फरक काय, हे मी सव्वीस वर्षांत कधी स्वतःला विचारलं नाही. दिसलं की भरायचं.

सांगितलं तर २९ तारीख गेली. एकेचाळीस वर्षांनी आलेला दिवस माझ्या हाताने गेला, असं सगळे म्हणतील. मला पुन्हा झाडू देतील, किंवा तोही देणार नाहीत. नाही सांगितलं तर ही आणि मुलगी पहिल्या डब्यात. इंजिनाच्या लगेच मागे.

देवापुढे बसलो. काय मागायचं तेच कळेना, म्हणून उठलो.

मंगळवार, १७ एप्रिल

गॅरेजात एका गाडीच्या दाराचं कुलपाचं भोक भरून टाकलं. मालक म्हणाले, "पेंटर, आता गिऱ्हाईक आत शिरणार कुठून?"

बुधवार, १८ एप्रिल

काकांच्या घरी गेलो. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. किती नीटनेटकी. पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवलेली, चपला एकाच जागी, पाण्याचा तांब्या एकाच जागी. मी बसताना खुर्ची जराशी सरकवली तर सुनेने लगेच उठून होती तिथे ठेवली. काका चहा ओतताना पेल्याच्या आत बोटाचं टोक धरतात, हे प्रथमच पाहिलं. चहा गरम होता तरी धरलं. हात राठ झालेले असतात या कामात.

सून आत गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"किती भरलीस?"

"तीनशे बारा."

"सगळी?"

"सगळी, काका. एकही सोडलं नाही."

"वरून रंग?"

"एक हात. राखाडी."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तू भरलंयस हे बघून कोणाच्या लक्षातच आलं नसतं."

ते माझ्यासाठीच सुटायची वाट काढत होते, असं मला वाटलं. पण खोटं कसं बोलू? मी म्हटलं, "नाही काका, येतं लक्षात. तिथे भोकच नाही ना. आणि रंगाखालीही भरलेला गोल वेगळा दिसतो, लस टोचल्याच्या खुणेसारखा. ज्याला कामाची माहिती आहे त्याला उजेडात सहज कळेल."

"सहज?"

"अगदी सहज."

"दिवा नीट धरला होतास तू?"

"वितीवर होता, काका."

"बरं," ते म्हणाले. त्यांचा चहा तसाच राहिला. निघताना म्हणाले, "कोणाला काही बोलू नकोस. मी बघतो काय करायचं ते."

रस्त्यावर आल्यावर माझ्या मनात आलं, मग त्या दिवशी त्यांनी मला हटकलं का नाही? एवढं सहज दिसत होतं, तर बोलले का नाहीत? चारचौघांत माझी लाज जाऊ नये म्हणून गप्प राहिले? पण मग सही कशी केली?

शुक्रवार, २० एप्रिल

नको ते मनात येतं आहे. काका हे दाबून टाकणार. त्यांची सही आहे, त्यांचं नाव जाईल. मोठी माणसंही शेवटी माणसंच. असं लिहिताना लाज वाटते, पण वहीशी खोटं बोलून काय करू?

आणि त्यांनी ते दाबलं तर मी सुटलो, असंही एक मन म्हणतं. त्या मनाची जास्त लाज वाटते.

रविवार, २२ एप्रिल

काका आज आले नाहीत. बाई म्हणाल्या, प्रकृती बरी नाही, निरोप आला आहे. बाकी कोणाला काही माहीत नाही. भट्टी पेटवायची लाकडं रचून झाली. ड्रायव्हरसाहेबांनी जुना कोट धुऊन आणला आहे, त्याची बटणं लागत नाहीत.

चहाच्या वेळी बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. माझ्या हातात तीन. डबा पहिला, खिडकीशेजारी. हिचं, मुलीचं आणि जावयाचं नाव बाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं आहे.

चिठ्ठ्या खिशात घालून घरी आलो. हिला दिल्या नाहीत. उद्या बाईंकडे जातो. काका रागावले तर रागावोत.

सोमवार, २३ एप्रिल

दुपारी जुन्या तिकीटघरात गेलो. बाई तिथे बसतात. मी दारातूनच सुरू केलं, "बाई, थोरलीची ती भोकं..."

"बसा," त्या म्हणाल्या. समोर एक कागद उघडा होता. "भोकं काकांनी सांगितल्यावरून भरलीत ना तुम्ही?"

"नाही. माझ्या मनाने भरली."

"त्यांनी लिहिलंय की त्यांनी सांगितलं. सकाळी सूनबाई देऊन गेली हे पत्र. अक्षर तिचं आहे, सही त्यांची."

"त्यांनी खड्डे भर म्हटलं होतं, बाई. भोकं मी भरली."

"अहो पेंटर, ह्या शेडमध्ये अकरा वर्षं काढली मी. साधा पाना हरवला तरी 'मी नाही' म्हणायला सगळे पुढे. आज चूक घ्यायला रांग लागलीय, आणि ती मी लिहू कोणाच्या नावावर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पत्र माझ्याकडे सरकवलं. "पुढचं वाचा."

पुढे लिहिलं होतं: 'चाचणीच्या दिवशी मी न बघता सही केली. बघता येण्यासारखी माझी परिस्थिती नाही. दीड वर्षापासून मला फक्त उजेड आणि अंधार कळतो. बोटांवर भागेल असं वाटलं होतं. बोटांना भोकं लागली नाहीत, तो दोष मी बोटांचाच धरला. पेंटरचा यात दोष नाही, त्याने दिवा नीट धरला होता. मला कामातून मोकळं करावं.'

मी ते दोनदा वाचलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तो मी नुसताच धरून बसलो.

केसाएवढा खड्डा दिसतो म्हणून मी त्यांच्याच तोंडावर फुशारकी मारली होती. आणि बुधवारी, त्यांच्या घरात त्यांचा चहा पिऊन, सहज कळेल म्हणालो. एकदा नव्हे, दोनदा. ते आता परत घेता येत नाही. खरं तेच बोललो, तरी परत घ्यावंसं वाटतं. खरं बोलण्याने असं होऊ शकतं, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी हिला म्हटलं, २९ तारीख रद्द झाली. का, तेही सांगितलं. ती भाजी चिरत होती. हात थांबवला. मग म्हणाली, "आम्ही त्याच डब्यात बसणार होतो ना?"

"हो."

"आणि तुम्हाला आठ दिवस माहीत होतं."

मी हो म्हटलं. ती पुन्हा चिरायला लागली. तिने मला क्षमा केली की नाही, चिरण्याच्या आवाजावरून कळेना.

रविवार, २९ एप्रिल

पहिली वाफ धरायची तो हा दिवस. मी ड्रिल घेऊन भट्टीच्या बाजूला बसलो होतो. भोकं उघडायला भरण्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो. ड्रिल जरा तिरकं गेलं तर दांड्याचं लोखंड खाईल, म्हणून शेवटचा भाग हातानेच फिरवून काढायचा. दिवसभरात बेचाळीस झाली. मनगट सुजलं आहे.

ड्रायव्हरसाहेब येऊन बाजूला बसले. विनोद केला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. शेवटी म्हणाले, "दीड वर्षं. आणि आमच्या कोणाच्याच लक्षात नाही. मी तर त्यांना दर रविवारी डोळा मारायचो. वाटायचं, म्हातारा भाव खातोय."

बुधवार, ९ मे

रोज संध्याकाळीही जात होतो. आज तीनशे बारा पूर्ण झाली. शेवटची चाळीसेक जरा घाईत काढली हे कबूल करतो, हात चालत नव्हता. तिथून तसाच काकांकडे गेलो.

"काका, चाचणी पुन्हा घ्यायचीय. २० तारखेला. चला."

"मी सुटलो त्यातून. ज्याला दिसत नाही त्याचं काय काम तिथे?"

"हातोडीने वाजवून बघायचंय. बाई म्हणाल्या, हातोडीचा कान दुसऱ्या कोणाला नाही."

"बाई म्हणाल्या, की तू म्हणतोस?"

"मी म्हणतो," म्हटलं.

"तुला खोटं बोलता येत नाही," काका म्हणाले. "फार त्रासाचा माणूस आहेस." पण सुनेला हाक मारून हातोडी कुठे ठेवली आहे ते विचारलं.

रविवार, २० मे

शेड बंद करून आत्ताच आलो. थोरली अजून दोन महिने तरी चालणार नाही. हिने विचारलं, "मग चेहरा असा का?" कसा, ते मला सांगता येईना. लिहून बघतो.

बाईंनी ठरवलं होतं की आता वहीत दोन सह्या. वाजवणाऱ्याची एक, बघणाऱ्याची एक. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "म्हणजे दोघांचा मिळून एक धड माणूस." काका हसले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

पाणी भरलं, दाब चढवला. काका भट्टीच्या दारातून आत शिरले. दार एवढं लहान की खांदे तिरके करावे लागतात. मी दिवा देऊ लागलो तर म्हणाले, "तो तुझ्याकडेच ठेव." ते आत बसून दांड्याचं आतलं टोक हातोडीने वाजवणार आणि रांग व आकडा सांगणार. मी बाहेर त्याच दांड्याचं भोक बघून सांगणार. मध्ये दोन भिंती आणि पाणी.

"रांग एक, एक." टण्. "बघ."

"कोरडं."

"रांग एक, दोन." टण्.

"कोरडं."

असं दोन तास चाललं. मला ते आवडायला लागलं होतं. एकाच जपाची माळ दोघांनी ओढावी तसं.

रांग आठ, चौदा. आवाज टण् आला नाही. लाकडावर मारावं तसा आला. माझ्याही कानाला कळला. काकांनी पुन्हा मारलं. पुन्हा तसाच.

"हा मोडलाय," आतून म्हणाले. "बघ."

मी बघितलं. दिवा तिरपा करून बघितलं. "कोरडं आहे, काका."

"नीट बघ."

"कोरडंच आहे."

सगळे जवळ आले. बाईंचं पेन थांबलं. ड्रायव्हरसाहेब पंप धरून म्हणाले, "आता काय, मतदान घ्यायचं?" कोणी हसलं नाही. माझे डोळे सांगतात कोरडं, त्यांचा कान सांगतो मोडलाय. एकदा माझ्या डोळ्यांनी त्यांना जे केलं, तेच मी पुन्हा करत होतो.

मग काका आतून म्हणाले, अगदी हळू, पण लोखंडातून ऐकू आलं: "डोळे गेले तसा कानही गेला असेल. लिहा बाई, कोरडं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताने थांबा म्हटलं. खिशातली तार काढून चौदाव्यात घातली. एक पेर आत गेली आणि टेकली. तेराव्यात घातली, दोन पेरं गेली. पुन्हा चौदाव्यात, एकच पेर. घाईच्या चाळीसांतलं एक. तळाशी माझी लांबी तशीच होती.

ड्रिलचं पातं बोटांत धरून मी हातानेच फिरवू लागलो. राखाडी भुकटी आली. मग ओली भुकटी आली. मग पातं हातातून उडालं आणि दोऱ्याएवढी बारीक गार धार माझ्या भुवईवर बसली. केवढा जोर होता त्या धारेला. एकोणतीस तारखेला ही तिथून लगेच मागच्या डब्यात बसणार होती.

"काका," मी म्हटलं. "तुमचंच बरोबर होतं. आलं पाणी."

आत बराच वेळ सगळं शांत होतं. इतका वेळ की मी दिवा घेऊन भट्टीच्या दाराकडे निघालो. बाईंनी माझी बाही धरली आणि मान हलवली. मी परत जागेवर आलो. आत कोणीतरी नाक शिंकरल्यासारखं वाटलं, पंपाचाही आवाज असेल.

मग हातोडी सरकल्याचा आवाज आला.

"रांग आठ, पंधरा," काका म्हणाले. टण्. "बघ. आणि तार घालून बघ."

तोंडावरचं पाणी तसंच ठेवून मी पंधराव्यात तार घातली.